पिकअप घेताय? गॅसची घ्यावी की डिझेलची, हे शोरूमला जाण्याआधी वहीत ठरवा



मागे एका प्रशिक्षणानंतर पोहरादेवीच्या एका तरुणाचा फोन आला. आवाजात घाई होती. "सर, गॅसची गाडी घेऊ का डिझेलची? पोट्टे म्हनतात गॅस सस्ता पडते. उद्या बुकिंग करतो."

मी विचारलं, "बुकिंगचे पैसे कुठून आणले?"

तो क्षणभर थांबला. म्हणाला, "बाबांनी बैलजोडी विकली."

मित्रांनो, म्हणून आजचा लेख जरा सविस्तर लिहितोय. पिकअप म्हणजे नुसती गाडी नाही. कोणाची बैलजोडी, कोणाच्या आईचा दागिना, कोणाचं सोयाबीनचं वर्षभराचं उत्पन्न तिच्या डाउन पेमेंटमध्ये गेलेलं असतं. आणि पुढची पाच वर्षं दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हप्ता जातो. त्या दिवशी गाडीला भाडं होतं की नव्हतं, हे बँक विचारत नाही.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "बुकिंग आठ दिवस पुढे ढकल. एक वही घे. मी सांगतो ते लिहून आण." वहीत काय लिहायचं, ते आता तुम्हालाही सांगतो.

आधी एक जुनी गोष्ट

पोहरादेवी म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं गाव, संत सेवालाल महाराजांचं समाधीस्थळ, बंजारा समाजाची काशी. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इतिहास सगळ्यांना माहीत असतो, पण त्यातली धंद्याची गोष्ट आपण विसरतो. हा समाज मुळात वाहतूकदारांचा. शेकडो, हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे देशभर फिरायचे. याला लदेणी म्हणत. रेल्वे आणि पक्के रस्ते आले तसा हा धंदा मोडला.

तांड्याचा नायक वाट ठरवताना काय बघत असेल? बैल कितीही तगडा असला तरी वाटेत चारा-पाणी नसेल तर तो चालणार नाही. म्हणजे चारा कुठे मिळेल, मुक्काम कुठे पडेल आणि पाठीवर ओझं किती, हा हिशोब आधी, वाट नंतर.

आपल्या पिकअपलाही हेच लागू आहे. तीन प्रश्न:

१. चारा कुठे? म्हणजे पंप माझ्या रोजच्या वाटेवर आहे का?
२. ओझं किती? म्हणजे माझा माल जड आहे की हलका?
३. चाल किती? म्हणजे बारा महिन्यांचं सरासरी रनिंग किती?

"कोणती सस्ती पडते" याचं उत्तर या तिन्हीत आहे. ते पोट्ट्यांकडे नाही आणि सेल्समनकडेही नाही.

पहिला हिशोब: एका किलोमीटरचा खर्च

हा हिशोब सगळे करतात, म्हणून आधी तोच उरकून घेऊ. इंधनाचा दर भागिले भरलेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका.

- डिझेल: दर ९३ रुपये लिटर, अ‍ॅव्हरेज १२ किलोमीटर. खर्च ७ रुपये ७५ पैसे किलोमीटर.
- सीएनजी: दर ९० रुपये किलो, अ‍ॅव्हरेज १५ किलोमीटर. खर्च ६ रुपये किलोमीटर.

म्हणजे गॅसवर किलोमीटरमागे पावणेदोन रुपये वाचले. महिन्याला २,००० किलोमीटर गाडी चालली तर ३,५०० रुपये बचत. इथपर्यंत पोट्टे बरोबर बोलतात.

पण अ‍ॅव्हरेज टाकताना कंपनीच्या जाहिरातीतला आकडा टाकू नका. तीच गाडी वापरणाऱ्या दोन ड्रायव्हरना चहा पाजा आणि विचारा, "लोडमध्ये किती देते?" तो आकडा खरा.

आणि दर कायम राहील असं समजू नका. २०२२ सालचंच बघा. मार्चमध्ये नागपुरात सीएनजी १२० रुपये किलोच्या आसपास होता. १ एप्रिलपासून राज्य सरकारने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि मुंबईत दर ६० रुपये किलो झाला. त्याच मुंबईत ऑगस्टपर्यंत तो ८६ रुपयांवर गेला. एकच राज्य, एकच वर्ष, आणि दरात एवढा फरक! १२० रुपये दराने वरचा हिशोब केला तर गॅसचा खर्च ८ रुपये किलोमीटर येतो, म्हणजे डिझेलपेक्षा जास्त. म्हणून मुंबई-पुण्याच्या व्हिडिओतला दर आपल्या हिशोबात कधीच वापरायचा नाही.

दुसरा हिशोब: रिकामे किलोमीटर

आता इथे खरी गंमत आहे. डिझेल तालुक्याला मिळतं, मोठ्या गावात मिळतं. अडलंच तर ओळखीचा कोणी पाच लिटर आणूनही देतो. सीएनजी कॅनमध्ये आणता येत नाही. तो सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने भरावा लागतो. त्यासाठी गाडीलाच पंपावर जावं लागतं.

समजा, सीएनजीचा पंप तुमच्या रोजच्या वाटेपासून २५ किलोमीटर बाजूला आहे. जाऊन-येऊन ५० किलोमीटर. एका भरणीत गाडी १५० किलोमीटर जाते असं धरा. त्यातले ५० तर पंपावर जाण्या-येण्यातच गेले. कामाचे राहिले १००.

महिन्याचं कामाचं रनिंग २,००० किलोमीटर, म्हणजे २० वेळा गॅस भरावा लागेल. २० गुणिले ५० म्हणजे १,००० किलोमीटर गाडी फुकट पळाली. ६ रुपयांप्रमाणे ६,००० रुपये गेले.

वाचले ३,५००. गेले ६,०००. महिन्याला अडीच हजारांचा तोटा, आणि आपण मात्र "गॅस सस्ता पडते" म्हणून खूश! टायरची झीज यात धरलेली नाही. रांगेत प्रत्येक वेळी पाऊण तास गेला तर महिन्याला १५ तास होतात, तेही धरलेले नाहीत. मंडईचा लिलाव १५ मिनिटांनी चुकला तर काय होतं, हे माल नेणाऱ्याला विचारा.

आता तोच पंप तुमच्या वाटेवर असेल तर? रोज अकोला किंवा नागपूरकडे फेरी आहे, वाटेत पंप आहे, महिन्याला ५,००० किलोमीटर रनिंग आहे. तर बचत ८,७५० रुपये महिना. अशा माणसाने गॅसचा विचार नक्की करावा. पंप रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे यावर इतका फरक पडतो, बघा.

पंप बघायला जाल तेव्हा या चार गोष्टी विचारा:

- गॅस पाइपलाइनने येतो की ट्रकवरच्या सिलिंडरमधून? ट्रकने येत असेल तर पुढची गाडी येईपर्यंत पंप बंद राहू शकतो.
- प्रेशर किती मिळतं? प्रेशर कमी असेल तर टाकी पूर्ण भरत नाही. उन्हाळ्यात गॅस गरम होऊन पसरतो, तेव्हाही भरणी कमी होते. आपल्या विदर्भातला मे महिना लक्षात ठेवा.
- सकाळी किती वाजता सुरू होतो? तुमची गाडी पहाटे पाचला निघत असेल तर आठला उघडणारा पंप कामाचा नाही.
- तिथे रांगेत उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला विचारा, "महिन्यातून किती दिवस गॅस नसतो?" खरं उत्तर तोच देईल.

काही गॅसच्या गाड्यांना पेट्रोलची टाकीही असते. चांगली सोय आहे, पण ती स्टेपनीसारखी समजा. पेट्रोलवर माल वाहिला तर किलोमीटरचा खर्च डिझेलच्याही वर जातो.

तिसरा हिशोब: किलोमीटरचा नको, क्विंटलचा

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितली आहे. आपण गाडीचा खर्च किलोमीटरवर मोजतो, पण गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं? मालाचे. म्हणून खर्चही मालावर मोजा.

गॅसच्या गाडीत सिलिंडरचं स्वतःचं वजन असतं. ते वजन तुमच्या मालातून कमी होतं. मारुती सुपर कॅरीचं उदाहरण घ्या. पेट्रोलमध्ये ७४० किलो माल चालतो, त्याच गाडीच्या सीएनजी मॉडेलमध्ये ६२५ किलो. टाटाने सप्टेंबर २०२२ मध्ये एकाच वेळी बाजारात आणलेल्या पिकअपपैकी दोन बघा: इंट्रा व्ही२०, जी सीएनजी आणि पेट्रोल दोन्हीवर चालते, तिची क्षमता १,००० किलो, आणि इंट्रा व्ही५०, डिझेल, क्षमता १,५०० किलो.

आता समजा, तुम्हाला ३० क्विंटल सोयाबीन २५ किलोमीटरवरच्या मार्केट यार्डात न्यायचं आहे. एक फेरी येऊन-जाऊन ५० किलोमीटर.

- दीड टनाची डिझेल: २ फेऱ्या, १०० किलोमीटर, ७७५ रुपये. क्विंटलला सुमारे २६ रुपये.
- एक टनाची गॅस: ३ फेऱ्या, १५० किलोमीटर, ९०० रुपये. क्विंटलला ३० रुपये.

किलोमीटरला स्वस्त गाडी क्विंटलला महाग पडली! तिसऱ्या फेरीचा वेळ आणि हमाल थांबले ते वेगळंच.

"सर, गॅसच्या गाडीत पण दीड टन भरू ना, कोण बघतं?" असं म्हणणारे भेटतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. एका दिवसात सहा महिन्यांची बचत जाईल. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी वजनाची पावती आधी मागते.

पण माल हलका असेल तर? लग्नाचं डेकोरेशन, फुलं, पाव-बेकरी, प्लास्टिकचं सामान, कपडे. इथे गाडी भरते, पण वजन भरत नाही. तिथे एक टनाची गॅसची गाडी काहीच कमी पडत नाही. पाण्याचे जार मात्र फसवतात. दिसायला थोडे, पण २० लिटरचा एक जार म्हणजे २० किलोच्या वर. ५० जार म्हणजे टन झाला.

चढ आणि कच्चा रस्ता हाही वजनाचाच भाग समजा. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जास्त ओढतं. पावसाळ्यात शेतातून माल काढायचा असेल, तांड्यापर्यंतचा रस्ता चढाचा असेल, तर हा फरक ड्रायव्हरच्या पायाला कळतो.

चौथा हिशोब: बारा महिन्यांचा

पोहरादेवीत रामनवमीच्या यात्रेला लाखो भाविक येतात. त्या दिवसांत नारळ, प्रसाद, पाणी, मंडप, भांडी, सगळ्यांना गाडी हवी. दिवाळीच्या आसपास सोयाबीन. जानेवारी-फेब्रुवारीत तूर. मग लग्नसराई. आणि श्रावणात? गाडी दारात उभी.

आपण हिशोब करतो सीझनचा आणि हप्ता भरतो बारा महिने. म्हणून सरासरी काढा. समजा, तीन महिने ३,५०० किलोमीटर आणि नऊ महिने १,२०० किलोमीटर. एकूण २१,३०० भागिले १२, म्हणजे महिन्याला १,७७५ किलोमीटर. हा तुमचा खरा आकडा.

आता हप्ता बघा. ८ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता येतो सुमारे १७,४०० रुपये. कर्ज एक लाखाने वाढलं की हप्ता सुमारे २,१७५ रुपयांनी वाढतो. म्हणजे गॅसची गाडी डिझेलपेक्षा एक लाखाने महाग मिळत असेल तर आपल्या पावणेदोन रुपयांच्या बचतीतून तो फरक भरायला महिन्याला १,२४० किलोमीटर गाडी पळवावी लागेल. त्याच्या पुढे खरी कमाई सुरू. काही मॉडेलमध्ये उलट असतं, डिझेल महाग असते. म्हणून दोन्हींचं ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या, तोंडी नको.

देखभाल: दोघींचे नखरे वेगळे

डिझेलचं म्हणाल तर, एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाडी पूर्वीसारखी राहिली नाही. सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. तो स्वतःला साफ करण्यासाठी गाडी गरम होऊन काही वेळ सलग चालावी लागते. रोज दोन-दोन किलोमीटर, बंद-चालू, बंद-चालू, असं काम असेल तर काजळी साचते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि तरीही दुर्लक्ष केलं तर गाडी ओढायची बंद होते. गावातल्या गावात वाटप करणाऱ्याने डिझेल घेताना हे लक्षात घ्यावं. काही मॉडेलना डीईएफ नावाचं द्रव वेगळं भरावं लागतं. शोरूममध्ये विचारा, "याला डीईएफ लागतं का?"

गॅसच्या गाडीत स्पार्क प्लग आणि इग्निशनकडे लक्ष द्यावं लागतं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करणं बंधनकारक आहे. ती जवळ कुठे होते, हे गाडी घेण्याआधी माहीत हवं. किट बाहेरून बसवणार असाल तर आरसी बुकवर नोंद आणि विमा कंपनीला कळवणं, दोन्ही करा. नोंद नसलेल्या किटची गाडी विकतानाही अडते आणि क्लेमच्या वेळीही.

आणखी एक: तुमच्या गावचा मिस्त्री काय जाणतो? डिझेलचा कारागीर तालुक्याला सापडतो. गॅसचा सापडेलच असं नाही. पुढे विकायची वेळ आली तर त्याच भागातलं गिऱ्हाईक मिळणार, आणि तेही पंप कुठे आहे ते बघूनच भाव करणार.

कागदपत्रांच्या तीन गोष्टी

- गाडीचं स्वतःचं वजन, माल आणि माणसं मिळून एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. मॉडेल निवडताना हा आकडा बघा.
- ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं आहे.
- फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. हा खर्च वहीत धरा.

"दहा वर्षांनी डिझेल बंद होणार" अशी भीती घालणारेही भेटतील. तो नियम दिल्ली-एनसीआरचा. तो वाशिम जिल्ह्याला लावून निर्णय घेऊ नका.

त्या मुलाचं काय झालं?

आठ दिवसांनी तो वही घेऊन आला. पाच पानं भरली होती. आजूबाजूच्या तांड्यांवरून सोयाबीन-तूर मार्केटला न्यायची, म्हणजे माल जड. त्याच्या रोजच्या वाटेवर गॅसचा पंप पडत नव्हता. रनिंग त्याने तीन हजार धरलं होतं, बारा महिन्यांवर वाटल्यावर ते दीड हजाराच्या आसपास आलं.

त्याने डिझेल ठरवली. पण वहीतून अजून एक गोष्ट बाहेर आली, जी मी सांगितलेली नव्हती. दीड हजार रनिंगवर नव्या गाडीचा हप्ता त्याला श्रावणात झेपत नव्हता. म्हणून त्याने चार वर्षं वापरलेली डिझेल पिकअप बघायला सुरुवात केली. कर्ज निम्म्यावर आलं. बैलजोडीचे थोडे पैसे घरातच राहिले.

उद्या त्याच रस्त्यावर पंप सुरू झाला आणि त्याला बेकरीच्या वाटपाचं रोजचं काम मिळालं, तर हीच वही वेगळं उत्तर देईल. तेव्हा गॅस घ्यायला लाजायचं कारण नाही. उत्तर बदलतं, प्रश्न तेच राहतात.

तुमचा गृहपाठ

या आठवड्यात एवढं करा:

१. रोजची वाट कागदावर काढा. पंप, मार्केट, गिऱ्हाईक, सगळ्यावर खूण करा.
२. गेल्या वर्षी भाड्याच्या गाडीने माल नेला असेल तर त्याच्या फेऱ्या आणि क्विंटल महिन्यावार लिहा.
३. तुमच्या मालाच्या भरलेल्या एका गाडीचं वजन काट्यावर करून घ्या.
४. दोन ड्रायव्हरना लोडमधलं अ‍ॅव्हरेज विचारा.
५. दोन्ही गाड्यांचं कोटेशन घ्या आणि एका क्विंटलचा खर्च काढा.
६. शेवटी श्रावण महिन्याचं पान उघडा आणि बघा, हप्ता निघतो का.

सहाव्या ओळीला उत्तर "हो" आलं तरच बुकिंगचे पैसे खिशातून काढा. "नाही" आलं तर गाडी लहान घ्या, जुनी घ्या, किंवा अजून एक सीझन भाड्याच्या गाडीवर काढा. त्यात कमीपणा काही नाही. तोपर्यंत गिऱ्हाईक जोडा. गाडी शोरूममध्ये कधीही मिळते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरत राहा!